आदल्या रात्रीच निम्मी सकाळ उरकून देणाऱ्या काकांना

प्रिय काका,

साष्टांग नमस्कार.

खरं तर हे पत्र तुमच्या दाराखालून सरकवलं असतं तरी चाललं असतं. पण घरी वीस-बावीस माणसं नाश्त्याला बसणार आहेत आणि सगळ्यांना एकदम गरम काहीतरी द्यायचंय, अशा पेचात अडकलेल्या प्रत्येकाने तुमचं म्हणणं वाचावं असं वाटलं, म्हणून उघडच लिहितेय.

आजीच्या वाढदिवसाला सगळं गोतावळं रात्रीच मुक्कामाला येणार होतं. गोड नाश्ता हवा हा आजीचाच हट्ट. मी तुम्हाला जिन्यात गाठून विचारलं तेव्हा मला वाटलं होतं, तुम्ही एखादी कृती सांगाल. तुम्ही उलट मलाच विचारत सुटलात. ओव्हन केवढा? जाळ्या किती? फ्रिजमध्ये दोन ट्रे आडवे बसतील का? अंडं न खाणारे किती जण? बेकरीत भट्टीपुढे उभं राहून आयुष्य काढलेला माणूस पदार्थाआधी जागेचा हिशोब करतो, हे तेव्हा कळलं. पदार्थाचं नाव शेवटी आलं: ब्रेड, दूध आणि अंडी रात्रभर मुरवून सकाळी भाजायचं कॅसरोल.

तुम्ही पाठकोऱ्या कागदावर दिलेलं प्रमाण अजून फ्रिजच्या दारावर आहे. साधारण 23 बाय 33 सेंटिमीटरच्या, 5 सेंटिमीटर खोल ट्रेला 500 ग्रॅम ब्रेड, 8 अंडी, अर्धा लिटर दूध, वर 100 मिली क्रीम, साखर, व्हॅनिला, दालचिनी, जायफळ आणि मीठ. मिठाखाली तुम्ही दोन रेघा मारल्या होत्या. एका ट्रेचे बारा चौकोनी तुकडे होतात. माणसं दुप्पट असली तर ट्रे दोन घ्यायचे, एकच खोल भांडं काठोकाठ भरायचं नाही, हेही बजावलंत. खोल भांड्यात कडा करपेपर्यंत मधला भाग कच्चाच राहतो.

ब्रेडच्या बाबतीत तुम्ही जितके काटेकोर होता तितके आणखी कशातच नव्हता. पातळ कापलेला सँडविच ब्रेड नको, अख्खा पाव आणून इंचभर जाडीचे तुकडे कर. अंडं खाणाऱ्यांच्या ट्रेसाठी लोणी-अंडं घातलेला, ब्रिओशसारखा मऊ पाव मिळाला तर उत्तम. आणि तो वाळव. नुसता शिळा ब्रेड पुरतो असं मी समजत होते. तुम्ही म्हणालात की शिळा ब्रेड कडक लागला तरी आत ओल असू शकते. ती घालवायची तर तुकडे 150 अंशांवर पंधरा-वीस मिनिटं ओव्हनमध्ये ठेवायचे, रंग येऊ द्यायचा नाही. त्या वाळलेल्या तुकड्यांनी दूध कसं ओढून घेतलं ते मी उभी राहून पाहिलं. ओतल्यावर ट्रेमध्ये तळं साचलं होतं, तुकडे वर तरंगत होते. तुम्ही सांगितल्याप्रमाणे दहा मिनिटांनी पसरट चमच्याने हलकेच दाबले, आणि थोड्या वेळाने पुन्हा दाबले. झोपायच्या आधी फ्रिज उघडला तर तळं आटलेलं, आणि तुकडे फुगूनही आपापला आकार धरून होते. लगदा झालाच नव्हता.

वरचा चुरा वेगळा ठेवायला लावलात त्यासाठी तर तुमचे पाय धरावेसे वाटतात. मैदा, ब्राऊन शुगर आणि थंड लोणी समान वजनात घेऊन, बोटांच्या टोकांनी चोळून, वर मूठभर ओट्स. हे सगळं रात्रीच ट्रेवर पसरून मोकळं व्हावं असा माझा बेत होता. रात्रभर ओल्या ब्रेडवर बसला तर त्यातली साखर विरघळते आणि सकाळी वर चिकट थर उरतो, हे तुम्ही सांगितलंत. डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवला आणि ओव्हनमध्ये जायच्या क्षणी भुरभुरला. वरून खरपूस, आतून लुसलुशीत असं सगळे जे म्हणत होते ते त्या डब्यामुळे.

अंडं न खाणाऱ्यांचा ट्रे हा माझा खरा घोर होता. त्यावर तुम्ही आल्फ्रेड बर्डची गोष्ट सांगितलीत. बर्मिंगहॅमच्या या माणसाच्या बायकोला अंडं चालत नव्हतं, म्हणून त्याने 1837 साली कॉर्नफ्लोअर वापरून बिनअंड्याचं कस्टर्ड केलं. म्हणजे माझा प्रश्न जुनाच होता आणि उत्तर कपाटातल्या कस्टर्ड पावडरच्या डब्यात होतं. पण दोन्ही ट्रेंना एकच नियम लावू नकोस, हे तुम्ही आवर्जून सांगितलंत, आणि त्यातली मेख मला फार आवडली. अंड्याचं मिश्रण कच्चंच ओतायचं, कारण ते ओव्हनमध्ये हळूहळू धरतं आणि जास्त तापलं की फाटून पाणी सुटतं. कॉर्नफ्लोअरचं नेमकं उलट. त्याला उकळी फुटेपर्यंत तापवल्याशिवाय ते दाटच होत नाही. त्यामुळे ते दूध गॅसवरच शिजवून, अर्ध्या लिटरला दोन मोठे चमचे पावडर या बेताने पातळसर ठेवून, ब्रेडवर ओतायचं. दोन ट्रेंना दोन उलथणी, हेही तुमचंच. अंड्याच्या ट्रेमधलं उलथणं दुसऱ्यात गेलं असतं तर आमच्या आत्याबाईंनी ताटाला हातही लावला नसता.

सकाळचं काम मग उरलं किती? ओव्हन 175 अंशांवर लावायचा, तो तापेपर्यंत ट्रे ओट्यावर काढून ठेवायचे. माझा एक ट्रे काचेचा, तो फ्रिजमधून थेट गरम ओव्हनमध्ये टाकला तर तडकू शकतो. तुम्ही हे सांगताना हाताने जो तडकण्याचा आवाज काढलात तो लक्षात राहिला. पहिला अर्धा तास फॉइलखाली, मग उघडं. दोन ट्रे एकदम असले की वरचा खालच्याची आणि खालचा वरच्याची आच अडवतो, म्हणून निम्म्या वेळेला जागा बदलायच्या, आणि एकाच ट्रेला लागतात त्या पन्नासेक मिनिटांवर आणखी दहा-पंधरा मिनिटं धरायची. एरवी मी घड्याळ बघून काढला असता. तुम्ही मधोमध सुरी खुपसून बघायला सांगितलंत: सुरी ओलसर आली तर हरकत नाही, पण तिच्यावर पातळ दूध दिसलं किंवा खाचेत दूध साचलं तर परत आत. थर्मामीटर असेल तर अंड्याच्या ट्रेच्या मध्यभागी 71 अंश. माझ्याकडे होता, आणि सुरीनेही तेच सांगितलं याचा मला बालिश आनंद झाला.

काढल्यावर पंधरा मिनिटं हात लावू नकोस, हे पाळणं मात्र सर्वांत अवघड गेलं. स्वयंपाकघरात दालचिनी आणि भाजलेल्या लोण्याचा वास कोंदलेला, पोरं ओट्याभोवती घोटाळतायत, आणि ओव्हनमध्ये टम्म फुगलेलं कॅसरोल बाहेर येऊन हळूहळू खाली बसतंय. बिघडलं की काय, असं जाऊबाईंनी दोनदा विचारलं. तुम्ही आधीच सांगितलं होतं की फुगवटा वाफेचा असतो, तो उतरणारच, आणि तेवढ्या वेळात आतलं कस्टर्ड घट्ट होतं. सुरी घातली तेव्हा तुकडे कडेला न ढासळता उचलले गेले. उशिरा उठणाऱ्यांसाठी उरलेला भाग फॉइल लावून 95 अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवला, तोही गरमच राहिला.

दोन गोष्टींत मी तुमचं ऐकलं नाही, तेही सांगून टाकते. साखर तुम्ही लिहिलेल्या 150 ग्रॅमऐवजी 100 घातली, कारण वरच्या चुऱ्यात साखर आहेच आणि शिवाय कोणीतरी मध ओतून घेणारच होतं. घेतलाच. आणि फळ घालू नकोस म्हणालात, तरी सफरचंद घातलं. फळाला पाणी सुटून तळ पचपचीत होतो हा तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण तो रसाळ फळांचा. आंबटसर सफरचंदाच्या पातळ फोडी लोण्यावर परतून, त्यांचं पाणी तव्यातच आटवून घातल्या. गोडाला मध्येच आंबट चव लागत होती आणि मला तरी त्याशिवाय हे कॅसरोल आता करवणार नाही. तुम्ही चाखून तंटा करावा अशी इच्छा आहे.

सगळ्यात मोठे आभार मात्र दुसऱ्याच गोष्टीचे. घर भरलेलं असलं की नाश्त्याला मी कायम ओट्यापाशी उभी, एक एक ताट भरून बाहेर पाठवत असते. माझं खाणं होईपर्यंत बाहेर दुसरा चहा झालेला असतो. या वेळी ओव्हन आत काम करत होता आणि मी आजीच्या शेजारी बसून तिची तीच ती भांडणं ऐकत होते. दुसरा तुकडा मागून घेताना ती म्हणाली, कोणी शिकवलं गं हे? तुमचं नाव सांगितलं. तुम्ही तिच्या ओळखीचे निघालात तर आश्चर्य नको, ती आता तुमची चौकशी करायला खाली येणार आहे.

तुमचा ट्रे घासून ठेवलाय. कोपऱ्यातला साखरेचा डाग गरम पाण्यात भिजवून काढला, आधीचा जुना काळा डाग मात्र तुमचाच आहे. संध्याकाळी आणून देते. तेव्हा एक विचारायचंय: पुढच्या वेळी माणसं चाळीस असतील आणि ओव्हन हाच. चार ट्रे, दोन खेपा. पहिली खेप अर्धी भाजून आदल्या रात्री ठेवायची, की पहाटे पूर्ण भाजून दुसरी होईपर्यंत फॉइलखाली गरम ठेवायची? मला दुसरं पटतंय, पण तुम्ही काय म्हणता ते ऐकल्याशिवाय पाव आणणार नाही.

आपली,
वरच्या मजल्यावरची