लखपत यादीतून का गळते?

आपल्याकडून कच्छला निघणाऱ्या सहलींचा कार्यक्रम जवळपास छापील असतो: भूज, धोरडोचे तंबू, पांढऱ्या रणात फोटो, शालींची खरेदी, की परत! नारायण सरोवर, कोटेश्वरपर्यंत गेलेल्या बसही तासाभरावरच्या लखपतला न जाताच माघारी वळतात. सिंधूच्या मुखाजवळचे हे एकेकाळचे गजबजलेले बंदर. १८०१ मध्ये कच्छचा सेनानी जमादार फतेह मोहम्मदने वाढवलेला सुमारे सात किलोमीटरचा तट आजही उभा आहे; आत मात्र मोजकी घरे आणि बाभळी. १८१९ च्या भूकंपात उत्तरेकडची जमीन उचलली जाऊन ‘अल्लाबंद’ हा नैसर्गिक बांध तयार झाला, सिंधूचे पाणी हटले, व्यापारी पांगले. गुरू नानकांच्या पादुका जपणाऱ्या इथल्या गुरुद्वाराच्या जतनाला २००४ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. सूफी संत घौस मोहम्मदच्या काळ्या दगडी कबरीवरचे कोरीवकाम तर हात लावून बघावेसे वाटते (लावू नये, हे वेगळे). सहल कंपन्यांनी तंबूतला एक मुक्काम कमी करून इथे अर्धा दिवस द्यावा. सीमाभाग आहे, तेव्हा पर्यटकांना ओळखपत्र जवळ ठेवायला सांगावे.

– एक वाचक, मुलुंड