माळावरच्या खोकडाला दोष देण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा ओसरला की सासवड, सुपे, इंदापूर परिसरातील माळरानांवर पाळीव कुत्री घेऊन जाणाऱ्या पुणेकरांची वर्दळ वाढते आणि पुढच्या काही आठवड्यांत ताप, फिकट पडलेल्या हिरड्या व कॉफीच्या रंगाची लघवी अशा तक्रारी घेऊन त्यांतील काही कुत्री आम्हा पशुवैद्यांकडे येतात. बोटांच्या बेचक्यात आणि कानाच्या पाळीखाली पाहिले की रक्त पिऊन टम्म फुगलेल्या गोचिडी सापडतात. ‘तिथल्या कोल्ह्या-लांडग्यांकडून काही लागले का?’ असे मालक हमखास विचारतात. शंका रास्त आहे, पण ‘मग या प्राण्यांना हुसकावून लावा’ ही मागणी त्यातून पुढे येते, ती मला धोक्याची वाटते.

कोल्हा, लांडगा आणि खोकड (इंग्रजीत ‘फॉक्स’) हे कुत्र्याच्याच कुळातले असल्याने कुत्र्याचे गोलकृमी, अंकुशकृमी, खरूज आणि गोचिडीवाटे पसरणारे बॅबेसियासारखे रक्तातील परजीवी त्यांच्यातही आढळतात. त्यासाठी दोन्ही प्राण्यांची समोरासमोर गाठ पडावी लागत नाही. विष्ठेतून पडलेली गोलकृमीची अंडी मातीत वर्षानुवर्षे तग धरतात, आणि हेपॅटोझून हा परजीवी तर कुत्र्याने अंग चाटताना गोचीड गिळली तरी शरीरात शिरतो. युरोपातील तांबड्या खोकडांमध्ये माणसालाही घातक ठरणारा एक फीतकृमी असतो. तेथे काही भागांत खोकडांना मारण्याऐवजी जंतनाशक घातलेली आमिषे टाकून त्याचे प्रमाण खाली आणण्यात आले.

आपल्याकडे अधिक काळजी करावी असा परजीवी म्हणजे मेंढीच्या आणि माणसाच्याही यकृत-फुप्फुसांत पाण्याने भरलेल्या गाठी करणाऱ्या हायडॅटिड रोगाचा फीतकृमी. मेंढी कापल्यावर तिच्या यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेली गाठ निघाली की तो भाग सहसा कुत्र्यांपुढे फेकला जातो. साधारण दीड महिन्यात त्या कुत्र्याच्या आतड्यात जेमतेम काही मिलिमीटर लांबीचे कृमी पूर्ण वाढतात, त्यांची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात आणि तेथून ती चरणाऱ्या मेंढीच्या किंवा कुत्र्याला कुरवाळून हात न धुता जेवणाऱ्या मुलाच्या पोटात जातात. मेंढी खाणारा लांडगाही या चक्रात येतो, हे नाकारता येणार नाही. मात्र जिल्ह्यातील मोजके लांडगे आणि गावोगावची असंख्य कुत्री यांची तुलना केली, तर हे चक्र मुख्यतः कोणाच्या जोरावर फिरते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

शिवाय हा प्रवास उलट दिशेनेही होतो. गीरमध्ये २०१८ साली वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा कुत्र्यांमध्ये सर्रास आढळणाऱ्या डिस्टेंपर विषाणूबरोबर बॅबेसियाचा संसर्गही दिसून आला होता. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सर्वाधिक संरक्षणाच्या पहिल्या अनुसूचीत ठेवलेल्या लांडग्याच्या अधिवासात आपण गोचिडींनी भरलेली, जंतनाशक न दिलेली कुत्री मोकळी सोडणार असू, तर तक्रार करण्याचा अधिकार खरे तर लांडग्याचा आहे.

म्हणून मालकांना विनंती आहे की, माळावर नेण्यापूर्वी कुत्र्याला गोचीडनाशक औषध द्यावे, तेथे पट्टा सोडू नये आणि त्याची विष्ठा उचलून आणावी. जंतनाशकाचे वेळापत्रक पशुवैद्याकडून ठरवून घ्यावे व मेंढ्यांच्या कळपांजवळ जाणाऱ्या कुत्र्यासाठी त्यात फीतकृमीवरील प्राझिक्वांटेल आहे का, हे विचारून घ्यावे. निर्बीजीकरणासाठी पकडलेल्या भटक्या कुत्र्यांना महापालिकेने त्याच वेळी जंतनाशकही द्यावे. जिल्हा परिषदेने मेंढपाळांच्या कुत्र्यांना ते मोफत पुरवावे आणि मेंढ्यांचे टाकाऊ अवयव पुरण्यासाठी गावाबाहेर खोल, झाकणबंद खड्डे करून द्यावेत. वन विभागाने पशुसंवर्धन विभागाच्या साहाय्याने एकाच माळावरील खोकड, लांडगा आणि कुत्रा यांच्या विष्ठेचे नमुने एकत्र तपासून त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध करावेत. येत्या उन्हाळ्यात पाणवठ्यांवर हे सारे प्राणी एकत्र येण्यापूर्वी नमुने गोळा करण्यास सुरुवात व्हावी.

आपला,
एक पशुवैद्य, पुणे