ओहळाकाठच्या नोंदीची दखल घ्या : पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग, महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

आम्ही धुळे जिल्ह्यातल्या पांझरा नदीच्या काठची माणसं. काही शिक्षक, काही शेतकरी, बचत गटातल्या बाया आणि नववी-दहावीची पोरं. नदीला मिळणाऱ्या ओहळांचं पाणी आम्ही आपणहून तपासतो. मागणी एकच आहे : आमच्या नोंदीत पाणी बिघडलेलं दिसलं, तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यांनी ठरावीक मुदतीत येऊन अधिकृत नमुना घ्यावा. तसा शासन आदेश आपण काढावा.

मंडळाची तपासणी तापी, गिरणा अशा मोठ्या नद्यांवर ठरलेल्या जागी होते, तीही काही काळाच्या अंतराने. घाण मात्र नदीत येते ती गावनाल्यांतून आणि ओहळांतून, आणि तिथे बाटली घेऊन कुणी उतरत नाही. सातपुड्यातल्या पाड्यांवर तर ओहळ म्हणजेच पिण्याचं पाणी. उन्हाळ्यात वाळूत झिरा खणायचा, वाटीवाटीने हंडा भरायचा. वरच्या अंगाला काही सांडलं की तेच झिऱ्यात उतरतं.

आमच्याकडे साधनं साधीच आहेत. गढूळपणा बघायला तळाशी काळी-पांढरी खूण असलेली पारदर्शक नळी, थर्मामीटर, सामू (pH) आणि नायट्रेट तपासायचं किट, आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायच्या बाटल्या. त्या बाटलीत रसायनं जागेवरच घालावी लागतात. घरी नेऊन तपासू म्हटलं तर आकडा खोटा येतो. आंघोळीयोग्य पाण्यात लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू हवा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. ३० अंश तापमानाला निर्मळ पाणीसुद्धा जेमतेम साडेसात मिलिग्रॅम धरून ठेवतं. म्हणजे खान्देशच्या उन्हात ओहळाला सांडपाणी पचवायला मुळातच फार कमी वाव असतो. त्यात शेवाळ माजलं, तर ते दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री तोच वापरतं; म्हणून दुपारी आकडा उत्तम आणि पहाटे तळाला गेलेला. म्हणून वेळेची नोंद आकड्याइतकीच महत्त्वाची, आणि पहाटे ओहळावर जाणं काठावरच्या माणसालाच जमतं.

याहून मोलाची तपासणी दगडाखाली आहे. पाण्यातला दगड अलगद उचलायचा, खालचे जीव पांढऱ्या ताटात घ्यायचे, ओळखायचे, मोजायचे आणि परत सोडायचे. तीन शेपट्यांच्या चपट्या अळ्या भरपूर मिळाल्या, तर पाण्याला प्राणवायू आहे. त्या नाहीशा होऊन चिखलात लाल अळ्याच उरल्या, तर पाणी गुदमरतंय. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या तिथेही तगतात. बाटलीतला नमुना त्या घटकेपुरतं बोलतो. रात्री कुणी टँकर रिकामा केला, तर सकाळपर्यंत पाणी वाहून जातं आणि बाटलीत काही सापडत नाही. दगडाखालची उजाड जागा मात्र पुढे बरेच दिवस साक्ष देते. केंद्रीय मंडळाने अशा जीवांवरून पाण्याची प्रत ठरवण्याचे निकष कधीच तयार केले आहेत. दक्षिण आफ्रिकेत 'मिनीसास' या पद्धतीने शाळकरी मुलं हेच काम करतात. आपल्या मुलांनाही ते सहज जमतं, हे आम्ही रोज बघतो.

आमची नोंद कोर्टात पुरावा म्हणून टिकणार नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. १९७४च्या जल प्रदूषण कायद्यातल्या कलम २१ मध्ये नमुना कसा घ्यायचा, त्याचे भाग कसे करायचे, सील कसं लावायचं, हे सगळं ठरलेलं आहे आणि ते काम मंडळाचंच आहे. आम्ही फक्त वेळेवर हाक देऊ. आज त्या हाकेला उत्तर देणं कुणावरही बंधनकारक नाही. अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो, तोवर ओहळ आटून जातो.

आपल्याला नवं खातं उभारावं लागणार नाही. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासण्याचं प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्यांच्या हाती किट देताच आहात, तर नळाच्या आणि विहिरीच्या पाण्यासोबत गावच्या ओहळाची जबाबदारीही त्यांना द्या, आणि त्या वेळेचं मानधन द्या. २ ऑक्टोबर २०२२ रोजी सेवाग्रामहून सुरू झालेल्या 'चला जाणूया नदीला' अभियानाने ७५ नद्या निवडून लोकांना काठावर आणलं. आता त्या लोकांच्या वह्यांना पुढचा रस्ता द्या. मंडळाच्या प्रयोगशाळेने वर्षातून एकदा आमची किट आणि आमचे हात, दोन्ही पारखून घ्यावेत. चूक निघाली तर ती नोंद बाद करावी.

पांझरेवरच्या फड पद्धतीत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी शेतकऱ्यांनीच मिळून वाटून घेण्याच्या जुन्या रीतीत, पाणी सोडणारा पाटकरी शेतकऱ्यांनीच नेमलेला असे, आणि कुणाच्या शेताला किती पाणी, हा त्याचा शब्द काठावर मानला जाई. पाण्यावर लोकांनीच लक्ष ठेवायचं, हे इथे परकं नाही. श्रावणात खान्देशच्या कानबाई देवीला निरोप द्यायला बाया डोक्यावर तिचा पाट घेऊन नदीवर जातात. त्यांना घोट्याएवढ्या काळ्या पाण्यात उतरावं लागू नये, असं मनापासून वाटतं.

आमचे बहुतेक ओहळ पावसाळ्यानंतर थोडे महिनेच वाहतात. निरोगी ओहळ कसा असतो, याची पहिली नोंद तेव्हाच घेता येते. पुढच्या सगळ्या तुलना तिच्यावर उभ्या राहतात. म्हणून हा आदेश दसऱ्याच्या आत निघावा. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांपुरता का होईना, पण या वर्षी निघावा.

आपली,
पांझरेकाठची एक शिक्षिका