नात्याच्या रकान्यात काय लिहू?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात एका गृहस्थांनी लिहिलं होतं की, समलिंगी वगैरे प्रकार हे पुण्या-मुंबईच्या पोरांचे चोचले आहेत, आपल्या सांगली-मिरजेकडे असलं काही नाही. मी मिरजेची आहे. अठ्ठावन्न वर्षांची, बँकेतून कारकून म्हणून निवृत्त झालेली. माझ्या मैत्रिणीबरोबर सव्वीस वर्षं एका घरात राहते. ती हायस्कूलात गणित शिकवायची. चोचले म्हणाल तर दोघींच्या गुडघ्यांचे तेवढे आहेत.

गल्लीत आम्ही मावसबहिणी आहोत. हे विचार करून ठरवलेलं नातं आहे. चुलत म्हटलं तर आडनाव आडवं येतं, मावस म्हटलं की कुणी खोलात जात नाही. तरी शेजारच्या काकूंनी एकदा धरलंच, "तुमच्या आया सख्ख्या बहिणी, मग एकीचं माहेर कराड आणि दुसरीचं जत कसं?" त्यावर आम्ही जे उत्तर दिलं ते इतकं गुंत्याचं होतं की पुढे ते आम्हालाच पाठ करून ठेवावं लागलं.

आम्हाला कुणी दगड मारलेले नाहीत, हे कबूल करते. चैत्रात हळदीकुंकवाची बोलावणी येतात, 'बिचारींची लग्नं राहिली' म्हणून आंब्याची डाळ जरा जास्तच वाढली जाते. त्या गृहस्थांना हेच सोज्वळ वाटत असावं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण ती मूठ रोज चोवीस तास आवळून धरणाऱ्याची बोटं कशी होतात, ते त्यांना ठाऊक नाही.

मैत्रिणीची आई शेवटचे चौदा महिने आमच्याकडेच होती. अंथरुणाला खिळलेली. तिचं सगळं मी केलं, ती मला नावाने नाही, 'बाई' म्हणून हाक मारायची. ती गेली त्या सकाळी रजा मागायला फोन केला, तेव्हा साहेबांनी विचारलं, "कोण लागतात?" ऑफिसात मावसबहिणीची गोष्ट मी कधी सांगितली नव्हती. मी म्हटलं, "मैत्रिणीची आई." साहेब माणूस चांगला. म्हणाले, "मग दुपारी तासभर जाऊन या."

दहाव्याला कृष्णाघाटावर पिंडाला कावळा शिवेना. भावाने सांगितलं, नातवंडांचं शिक्षण करतो. सुनेने सांगितलं, देवधर्म सांभाळते. कुणी काय, कुणी काय. म्हातारीचा जीव कशात अडकला होता ते मला माहीत होतं. पुढे होऊन एकच वाक्य म्हणायचं होतं, की तुमच्या लेकीला मी एकटी पडू देणार नाही. पण सगळ्यांदेखत ते म्हणणारी मी कोण? शेवटी दर्भाचा कावळा केला.

मी कॉलेजात होते तेव्हा, १९८७-८८ च्या सुमाराला, मध्य प्रदेशच्या सशस्त्र पोलिस दलातल्या दोन महिला शिपायांनी एकमेकींशी लग्न केल्याची आणि त्यांना नोकरीवरून काढल्याची बातमी आली होती. वडिलांनी ती वाचली आणि पेपराची घडी घालून उशाखाली ठेवला. रोज तो आधी माझ्या हातात द्यायचे. दुपारी ते झोपल्यावर मी तो काढून वाचला. आपल्यासारखं आणखी कुणी आहे हे मला वर्तमानपत्रातून कळलं, म्हणून हे पत्रही वर्तमानपत्रालाच.

६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. डबा खाताना कुणीतरी मोबाइलवर बातमी वाचून दाखवली, वर एक विनोद झाला, सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते. त्या कलमाचा धाक पुरुषांना जास्त होता, त्याच्या नावाखाली पोलिसांपासून ब्लॅकमेल करणाऱ्यांपर्यंत कुणीही खिसा कापायचं. आम्हा बायकांसाठी कायद्याची गरजच पडली नाही, घरच्यांनीच ते काम केलं.

सदर गृहस्थ लिहितात, लग्न लावून दिलं की मुलं सुधारतात. माझ्या ओळखीतल्या एका घरी हा उपाय करून झाला. मुलगा होता तसाच राहिला आणि सून सात वर्षं आरशात स्वतःचे दोष शोधत राहिली. 'सुधारण्या'चे उपचार करणं हे नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. सून मिळवून देणाऱ्या नातेवाइकांना मात्र कुठलंच कमिशन विचारत नाही.

आता मुद्द्याचं. गेल्या वर्षी मैत्रीण पडली, खुब्याचं ऑपरेशन ठरलं. फॉर्मवर रकाना : पेशंटशी नातं. मी मावसबहीण लिहिलं. सिस्टर म्हणाल्या, सख्खं कुणी नाही का? सही करायला तिचा भाचा यावा लागला, चार तास गेले. भाचा सही करून बाहेर आला, माझ्या पाया पडला आणि हळूच म्हणाला, "मावशी, खरं तर सही तुमची हवी होती." म्हणजे पोराला सगळं माहीत होतं, कधीपासून कोण जाणे.

बँकेत जन्म गेल्यामुळे सांगते, जोड खातं आणि नॉमिनी ही आमची अडचण कधीच नव्हती. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने तसा खुलासाही केला. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. फ्लॅट माझ्या नावावर आहे. सोसायटीत सहयोगी सदस्य कोण होऊ शकतं त्याची २०१९ च्या दुरुस्तीत यादीच आहे : नवरा, आईवडील, भावंडं, मुलं, सून, जावई, अगदी भाचे-पुतणेसुद्धा. सव्वीस वर्षं वीजबिलाचे निम्मे पैसे देणारी त्यात नाही. नवऱ्याला किंवा मुलाला राहतं घर बक्षीस द्यायला नाममात्र मुद्रांक, आम्हाला पूर्ण शुल्क. शेवटी मृत्युपत्र केलं. साक्षीदारांना मजकूर वाचायला द्यावा लागत नाही असं वकिलांनी सांगितलं, तेव्हा जीव भांड्यात पडला.

लग्नाचा प्रश्न कोर्टाने ऑक्टोबर २०२३ मध्ये संसदेवर सोपवला, फेरविचाराच्या याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या. मला या वयात लग्नाची हौस नाही. मैत्रिणीला आहे, ती म्हणते मुंडावळ्या बांधूनच. त्यावरून आमची भांडणं होतात, ती आमची आम्ही पाहू.

आपल्याला विनंती एवढीच. २०२४ मध्येच केंद्राने राज्यांना कळवलं होतं की रेशनकार्डासाठी अशी जोडपी एक कुटुंब धरावीत आणि जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात मिळावं. रेशन दुकानापासून तालुक्याच्या कचेरीपर्यंत मी ज्यांना विचारलं त्यांना याचा पत्ता नव्हता. आपण हे मराठीत, ठळक, आतल्या पानावर का होईना, छापावं. कात्रण पर्समध्ये ठेवीन.

नाव छापू नये. माझं एकवेळ चाललं असतं, पण मावसबहीण अजून दहावीच्या शिकवण्या घेते.

आपली,
एक वाचक, मिरज