शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र : द्वितीय अवकलजाचं ‘का’ पुस्तकात कधी येणार?

माननीय शिक्षणमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

गणिताच्या नव्या पुस्तकात प्रत्येक चिन्हामागचं ‘का’ समजावून सांगू, असा शब्द आपण जाहीर कार्यक्रमात दिला होतात. पुस्तक आलं. मुखपृष्ठ बदललं आहे, पण द्वितीय अवकलजाचं, म्हणजे बदलाच्या दराचा पुन्हा काढलेल्या दराचं, पान जुन्या आवृत्तीतून जसंच्या तसं उचललं आहे. ‘डी स्क्वेअर वाय बाय डी एक्स स्क्वेअर’ असं लिहितात, एवढंच सांगून लगेच उदाहरणसंग्रह.

वरचा 2 हा आकडा ‘डी’च्या डोक्यावर आणि खालचा ‘एक्स’च्या डोक्यावर का, हे दर वर्षी मुलं मला विचारतात. उत्तर चार ओळींचं आहे. ‘डी बाय डी एक्स’ ही एक क्रिया आहे. ती वायवर केली की पहिला अवकलज मिळतो, त्यावर पुन्हा केली की दुसरा. क्रिया दोनदा झाली म्हणून वर डी दोनदा येतो आणि खाली ‘डी एक्स’ हे अखंड चिन्ह दोनदा येतं. वाय मात्र एकदाच. त्वरण म्हणजे स्थानाचा वेळेनुसार दुसरा अवकलज, म्हणूनच त्याच्या एककात सेकंदाचा वर्ग होतो, मीटरचा होत नाही. या चार ओळींना पुस्तकात जागा नव्हती?

त्या नसल्यामुळे काय होतं, ते मी वर्गात रोज पाहतो. वाय म्हणजे एक्सचा घन दिला, तर दुसरा अवकलज 6 एक्स. अर्धा वर्ग पहिल्या अवकलजाचा वर्ग करून 9 एक्सचा चौथा घात लिहितो. दोन दिसला की वर्ग करायचा, हेच त्यांना शिकवलं गेलंय.

आता या वर्षीची जखम. परीक्षेत प्रश्न होता : एक्स म्हणजे टीचा वर्ग, वाय म्हणजे टीचा चौथा घात, टी शून्यापेक्षा मोठा, वायचा एक्सनुसार द्वितीय अवकलज काढा. माझ्या विद्यार्थिनीने पाहिलं की वाय हा एक्सचाच वर्ग आहे, आणि उत्तर लिहिलं 2. ते शंभर टक्के बरोबर आहे. पण नमुना उत्तरात वाय आणि एक्स यांच्या टीनुसार काढलेल्या द्वितीय अवकलजांचा भागाकार केला होता, 12 टी वर्ग भागिले 2, म्हणजे 6 टी वर्ग. चिन्ह अपूर्णांकासारखं दिसतं म्हणून अपूर्णांकासारखं कापलं! पहिल्या अवकलजाला असा भागाकार चालतो, दुसऱ्याला चालत नाही. आधी पहिला अवकलज 2 टी वर्ग काढायचा, त्याचं टीनुसार पुन्हा अवकलन करून 4 टी मिळवायचं आणि 2 टीने भागायचं. उत्तर 2. मुलीचे गुण गेले, फेरतपासणीचा अर्ज ‘नमुना उत्तराशी जुळत नाही’ एवढ्या शेऱ्यानिशी परत आला. तिने मला विचारलं, ‘सर, मग पुढच्या वेळी चुकीचं लिहू का?’ मी काय सांगू, साहेब? आपण सांगा.

पदार्थविज्ञानाच्या तासाला हाच द्वितीय अवकलज अक्षरावर दोन टिंबं घेऊन येतो, ही न्यूटनची परंपरा. गणिताच्या पुढच्या प्रकरणात दोन डॅश घेऊन येतो, ते गणितज्ञ लाग्रांजने 1797च्या ग्रंथात वापरले. डी एक्स, डी वाय गणितज्ञ लाइब्निझने 1684 मध्ये छापले. तिन्ही लेखनांत वस्तू एकच आहे, हे दोन्ही पुस्तकांत कुठेच नाही. मग सरळ वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूवर असताना त्याचं त्वरण किती, असं विचारलं की पोरं शून्य म्हणतात. वेग शून्य आहे, पण त्वरण तिथेही खाली 9.8च आहे. तसं नसतं तर चेंडू वरच लटकून राहिला असता. आणि न्यूटनचा दुसरा नियम सांगतो की बल म्हणजे हाच दुसरा अवकलज गुणिले वस्तुमान, मग हे न कळता पुढचं पदार्थविज्ञान कसं कळणार?

आमच्याकडून निकालाची टक्केवारी मागितली जाते, प्रशिक्षणाचे फोटो मागितले जातात, ऑनलाइन नोंदी भरून घेतल्या जातात. पाठ्यपुस्तकाच्या समितीने मात्र वर्गात शिकवणाऱ्याला एक प्रश्न विचारला नाही. समजून घेणारं पोर इथे मार खातं आणि पाठ करणारं पुढे जातं. पुढे तेच पोर शिक्षक होतं, पेपर तपासतं आणि असंच नमुना उत्तर लिहितं. ही साखळी आपल्या खात्याने घडवली आहे.

त्या मुलीचे गुण परत द्या, नमुना उत्तर दुरुस्त करून जाहीर करा. आणि त्या चार ओळी पुढच्या आवृत्तीची वाट न पाहता वेगळ्या पत्रकाने शाळांना पाठवा. मजकूर मी लिहून देतो, मानधन नको.

आपला,
एक गणित शिक्षक