तिसऱ्यांतलं विषही मोजा

महोदय,
नोव्हेंबर २०२० मध्ये जुहूच्या लाटा निळ्या चमकल्या, तेव्हा आम्ही मोबाइल घेऊन धावलो. ती नॉक्टिलुका या समुद्री सूक्ष्मजीवाची करामत. देखणी आणि माणसाला सहसा निरुपद्रवी. पण त्याच्याच जातकुळीतले काही सूक्ष्मजीव सॅक्सिटॉक्सिन हे विष तयार करतात. तिसऱ्या, कालवं हे शिंपले पाणी गाळून जगतात, त्यामुळे ते विष त्यांच्या मांसात साठतं. ना वास, ना चव, आणि कालवण कितीही उकळा, जात नाही! केरळात विळिंजमला १९९७ साली शिंपले खाऊन माणसं दगावली होती.

प्रदूषण नियंत्रण मंडळ खाडीचं पाणी तपासतं. शिंपल्यांच्या मांसाचीही दर पंधरवड्याला तपासणी व्हावी. निकाल संकेतस्थळावर पुरून न ठेवता मासळीबाजारात मराठीत लावावा. विक्री थांबवावी लागलीच, तर कोळणींना भरपाईही त्याच दिवशी जाहीर करा.

– एक तिसरीप्रेमी, वर्सोवा