खाते बंद, पण किल्ली चालूच

महोदय,

'सगळीकडे एकच लॉगिन ठेवा' हा सल्ला संगणक-सुरक्षेच्या लेखांत हमखास असतो. सल्ल्याशी वाद नाही. पण सोर्स कोड (प्रोग्रॅमचा मूळ मजकूर) सांभाळणारा सबव्हर्जनचा किंवा गिटचा सर्व्हर एलडॅप डिरेक्टरीला (सगळ्यांची खाती एका ठिकाणी ठेवणाऱ्या यादीला; एलडॅप ही तिला विचारायची भाषा) जोडला की काम संपले, असे अनेक ठिकाणी धरून चालतात. डिरेक्टरीतले खाते बंद केल्यावर त्या माणसाला कोड मिळायचा खरोखर थांबतो का, हे मात्र कुणी तपासत नाही.

आधी सबव्हर्जन. त्याच्या स्वतःच्या छोट्या सर्व्हरच्या पासवर्ड-फाइलीत पासवर्ड चक्क उघडे लिहिलेले असतात, म्हणून पुढे अपाची हा वेब-सर्व्हर ठेवून त्याच्या एलडॅप मॉड्यूलकडून तपासणी करून घेणे बरे. हे मॉड्यूल आधी एका सेवा-खात्याने डिरेक्टरीत शिरून नाव शोधते आणि मग सापडलेल्या नोंदीवर त्या माणसाचा पासवर्ड लावून पाहते. सेवा-खात्याला वाचण्यापुरताच अधिकार द्यावा. त्याच्या पासवर्डची मुदत संपली तर सगळ्यांचे लॉगिन एकदमच बंद पडते, आणि दोष भलतीकडे शोधला जातो.

'बेसिक' या वेबच्या साध्या लॉगिन-पद्धतीत पासवर्ड केवळ बेस-६४ मध्ये जातो, म्हणजे उघडाच. म्हणून एचटीटीपीएस (सांकेतिक जोडणी) सगळेच लावतात; अपाचीपासून डिरेक्टरीपर्यंतचा टप्पा मात्र ३८९ पोर्टवर तसाच मोकळा राहतो. तिथे सांकेतिक जोडणीचे ६३६ पोर्ट किंवा साधी जोडणी सांकेतिक करणारे स्टार्ट-टीएलएस हवे. अॅक्टिव्ह डिरेक्टरीत (मायक्रोसॉफ्टच्या डिरेक्टरीत) डोमेनच्या मुळापासून शोध घेतला तर उत्तरात दुसऱ्या सर्व्हरांचे पत्ते (रेफरल) येतात आणि मॉड्यूल त्यांच्यामागे धावून अडकते. अशा वेळी ग्लोबल कॅटलॉगचे (सगळ्या डोमेनांच्या एकत्रित सूचीचे) ३२६९ पोर्ट वापरावे किंवा रेफरल बंद करावेत.

कोणी काय पाहावे, हे सबव्हर्जन वेगळ्या परवानगी-फाइलीत बघते. ती फाइल डिरेक्टरीतले गट ओळखत नाही. गट बदलले की फाइल नव्याने लिहिणारी स्क्रिप्ट लागतेच. शिवाय डिरेक्टरीला नावातली मोठी-लहान इंग्रजी अक्षरे सारखीच, परवानगी-फाइलीला वेगळी. पासवर्ड बरोबर असूनही 'प्रवेश नाही' असे उत्तर येते ते बहुधा यामुळे. सबव्हर्जनच्या परवानगी तपासणाऱ्या मॉड्यूलला सगळी नावे लहान अक्षरांत करायला सांगितले की हे मिटते.

डिरेक्टरीच बंद पडेल तेव्हासाठी एक स्थानिक खाते राखून ठेवावे, पण अपाचीने पासवर्ड कुठे-कुठे तपासायचा त्या (प्रोव्हायडरच्या) क्रमात 'फाइल' आधी आणि 'एलडॅप' नंतर लिहावे. उलट लिहिले तर अपाची एलडॅपच्या चुकीवरच थांबतो, फाइलीपर्यंत पोहोचतच नाही. नेमक्या गरजेच्या वेळी ते खाते निरुपयोगी!

आता गिट, आणि खरी गळती इथे आहे. एसएसएचने (सर्व्हरशी सुरक्षित जोडणीच्या पद्धतीने) येणारा माणूस पासवर्ड देतच नाही. त्याची सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर पडलेली असते; तिची खासगी जोडकिल्ली त्याच्याकडे असली की पुरे. बहुतेक मांडण्यांत सगळेजण 'गिट' या एकाच सिस्टिम-खात्यातून आत येतात. त्यामुळे सिस्टिमची खाते-तपासणी फक्त 'गिट' हे खाते चालू आहे का एवढेच पाहते, आणि ते कायम चालूच असते. ओपनएसएसएच या एसएसएच सर्व्हरच्या ६.२ आवृत्तीपासून किल्ल्या फाइलीऐवजी एखाद्या कमांडकडून मागवता येतात. ती कमांड डिरेक्टरीतून फक्त चालू खात्यांच्याच किल्ल्या देईल, अशी अट शोधातच घालावी. वैयक्तिक टोकनांचेही (पासवर्डऐवजी द्यायच्या संकेतांचेही) तसेच: पासवर्ड बदलल्याने टोकन आपोआप रद्द होईल, असे गृहीत धरू नये.

स्वतः तपासणी-स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांना एक इशारा. नाव देऊन पासवर्ड रिकामा ठेवला तर अनेक एलडॅप सर्व्हर ती जोडणी निनावी मानून 'यशस्वी' कळवतात. एलडॅपच्या आरएफसी ४५१३ या मानकात याबद्दल स्पष्ट सावध केले आहे. रिकामा पासवर्ड स्क्रिप्टनेच नाकारावा. आणि पासवर्ड बदलल्यावर कुणाचे खाते वारंवार लॉक होत असेल, तर बिल्ड सर्व्हरवर (कोडपासून आपोआप प्रोग्रॅम तयार करणाऱ्या सर्व्हरवर) त्याचा जुना पासवर्ड साठवलेला आहे का ते आधी पाहावे.

तपासणी सोपी आहे. एक चाचणी-खाते काढा, त्याला किल्ली आणि टोकन द्या, मग डिरेक्टरीत ते बंद करा. अपाचीचा एलडॅप कॅशे (तात्पुरती साठवलेली उत्तरे) मूळ मांडणीत ६०० सेकंद टिकतो, तेव्हा दहा मिनिटे थांबा. मग पासवर्ड, टोकन आणि एसएसएच अशा तिन्ही वाटांनी कोड ओढून पाहा. जी वाट चालेल तिची नोंद कर्मचारी जाताना भरायच्या यादीत करा आणि ती बंद करायची जबाबदारी एका ठरावीक माणसाकडे द्या.

– सर्व्हर सांभाळणारे काही वाचक